सपाट रस्त्यावर अडखळणारी जीप

माझ्या सासऱ्यांची जीप पहिल्यांदा अडखळली तेव्हा स्टिअरिंग माझ्या हातात होतं. मागच्या हिवाळ्यातला रविवार. धुकं नुकतंच विरलं होतं आणि आम्ही दोघं तिघऱ्याच्या धरणाकडे निघालो होतो. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, मी वरचा गिअर टाकून पाय सैल सोडला आणि गाडीने हिसका दिला. मग आणखी एक. बोलता बोलता माणसाला उचकी लागावी तसं. मी घाबरून ॲक्सिलरेटर दाबला तर हिसके थांबले. पाय हलका केला, तर पुन्हा सुरू.

"मिसिंग करतेय," सासरे म्हणाले आणि त्यांनी उजवा हात डॅशबोर्डवर पालथा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "चारातला एखादा सिलिंडर मध्येच काम सोडतोय. पेट्रोल तरी पोचत नाही, नाहीतर ठिणगी तरी पडत नाही."

"परत फिरू का?"

"कशाला? चालतेय ना. ऐकू तरी दे."

आणि ते ऐकत बसले. चेहऱ्यावर जे होतं त्याला काळजी म्हणता येणार नाही. कोडं घालणारं कुणीतरी भेटल्यावर माणूस जसा सरसावून बसतो, तसे ते बसले होते.

ही जीप त्यांनी सिंचन खात्याच्या लिलावात घेतलेली. ते त्या खात्यात इंजिनियर होते आणि सारी नोकरी कालव्यांच्या बांधांवरून याच जातीच्या गाड्यांतून हिंडण्यात गेली. पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी, आणि त्यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा असलेली. निवृत्तीनंतर बाकीचे लोक शांत, गुळगुळीत मोटारी घेत होते तेव्हा ह्यांनी ही आणली. मी लग्न होऊन ग्वाल्हेरातल्याच खासगी बाजार नावाच्या भागातल्या माहेराहून जयेंद्रगंजात आले तेव्हा ती दारात उभी होती आणि मला ती अजिबात आवडली नव्हती. आत चढायला साडी गुडघ्यापर्यंत खोचावी लागायची.

पुढे त्यांचे डोळे बिघडले. मोतीबिंदू नव्हे. नजरेच्या मधोमध एक धूसर डाग आला, कडेकडेचं दिसतं पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं सांगितलं आणि त्यांनी वाद न घालता किल्ली माझ्यापुढे ठेवली. नवरा नोकरीला इंदूरला, महिन्यातून एकदोनदा येणारा. सासूबाई जाऊन काही वर्षं झालेली. घरात आम्ही दोघंच. मी घराच्या खालच्या खोलीत फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते, तिथे दिवसभर बोलून बोलून माझा घसा सुकतो. वर आलं की आमचं बोलणं मोजकं असे. चहा ठेवू का. औषध घेतलंत का. बाहेर थंडी आहे, मफलर घ्या. भांडण नव्हतं, अढी नव्हती, पण एकमेकांशी बोलण्यासारखं काही नसायचं हेच खरं.

रविवारचं तिघरा मात्र ठरलेलं. धरणावर गेलं की ते विचारत, "पाणी कुठवर आलंय?" मी भिंतीवर पाण्याचा ओला पट्टा शोधून सांगायची. ते मान हलवायचे, जरा उन्हात बसायचे, आणि आम्ही परत.

सोमवारी मी जीप कंपूजवळच्या गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री आमचा जुना. पन्नाशीचा, शांत, हात पुसत पुसत बोलणारा. त्याने प्लग काढून दाखवले, काळवंडलेले होते, नवे बसवले. कार्बोरेटर उघडून धुतला. पेट्रोलचा फिल्टर बदलला. मग स्वतः गाडी घेऊन उरवाई गेटच्या चढाने किल्ल्यावर चढवून आणली. ग्वाल्हेरात कुठल्याही मिस्त्रीची परीक्षा तीच. जी गाडी न कुरकुरता किल्ला चढली ती पास.

"भाभीजी, एकदम मक्खन," तो म्हणाला. "ऊपर तक एक भी झटका नहीं."

मी गाडी घेऊन निघाले. लष्कर भागातल्या गर्दीत काही जाणवलं नाही. पण संध्याकाळी सासऱ्यांना घेऊन झांशी रोडला लागले, रस्ता मोकळा झाला आणि उचकी परत आली.

पुढच्या फेरीला मिस्त्रीने प्लगांच्या जाड वायरी बदलल्या. किल्ला चढली. झांशी रोडवर अडखळली. त्यानंतर त्याला ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलचा संशय आला, गरम झाल्यावर ती कधीकधी दगा देते म्हणे. त्याने तिच्यावर ओला कपडा गुंडाळून पाहिला, मग दुसऱ्या गाडीची कॉइल लावून पाहिली. किल्ला पुन्हा चढली. मोकळ्या रस्त्यावर पुन्हा तेच.

"हमारे सामने बीमार ही नहीं पड़ती," मिस्त्री म्हणाला. त्याला राग नव्हता आला, उलट तोही हळूहळू आमच्यासारखाच ह्या प्रकारात गुंतत चालला होता. जेवणाच्या सुट्टीत फोन करून विचारायचा, आज कशी आहे?

नवऱ्याला मी हे सगळं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो वैतागला.

"अगं, विकून टाकू आता. डबरा गावचे एकजण घ्यायला तयार आहेत, शेतावर लागते म्हणाले. बाबांना वाईट वाटेल, पण तू समजाव. तुझं ऐकतील."

सासरे मागेच खुर्चीत बसले होते. त्यांनी ऐकलं. मला वाटलं आता गप्प होतील, जेवणार नाहीत. ते एवढंच म्हणाले, "विक की. पण आधी कळू तर दे काय झालंय ते. न कळता कशी विकायची?"

"न कळताच विकतात, बाबा," नवरा फोनमधून म्हणाला.

"विकत असतील," ते म्हणाले आणि पाण्याचा पेला शोधायला हात पुढे केला.

त्या आठवड्यात माझ्याकडे पाटणकर बाजारातल्या एक बाई गुडघ्यासाठी येत होत्या. मी नव्या पेशंटला नेहमी दोन प्रश्न विचारते. कुठे दुखतं, हा सोपा. लोक लगेच बोट ठेवतात. कधी दुखतं, ह्याला मात्र बहुतेकांना थांबावं लागतं. या बाईही थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "जिना चढताना काहीच नाही हो. उतरताना मात्र जीव जातो." मी त्यांना समजावू लागले की चढताना आणि उतरताना गुडघ्यावर येणारा भार वेगवेगळा असतो, आणि बोलता बोलता माझं लक्षच उडालं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांचा गुडघा हातात धरून जीपचा विचार करत होते.

संध्याकाळी चहा देताना मी म्हटलं, "बाबा, आपण सगळे कुठे बिघडलंय तेच शोधतोय. कधी बिघडतंय ते कुणी नीट पाहिलंच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "मतलब?"

"मिस्त्री तिला किल्ल्यावर नेतो, तिथे ती बरी. आपण तिघऱ्याला नेतो, तिथे आजारी. रस्त्यात काहीतरी फरक आहे."

"अंतराचा असेल. तिघरा लांब आहे, तोवर इंजिन तापतं."

"पण परवा किल्ल्यावरून उतरून ती सरळ झांशी रोडला आणली. तापलेलीच होती. चढावर बरी होती, सपाटीवर लगेच सुरू झालं."

ते उठले आणि म्हणाले, "मफलर दे. जाऊन बघू."

त्या संध्याकाळी आम्ही जे केलं ते रस्त्यावरच्या कुणी पाहिलं असतं तर दोघांनाही वेड लागलंय असं म्हटलं असतं. झांशी रोडच्या बाहेरच्या मोकळ्या भागात मी गाडी पुढे मागे हाकत होते आणि सासरे डोळे मिटून शेजारी बसले होते. "पायाने काय करतेस ते बोलत राहा," त्यांनी बजावलं होतं.

"पाय उचललाय. नुसती घरंगळतेय."

"काही नाही. पुढे."

"हलका ठेवलाय. अगदी हलका."

हिसका.

"तसाच ठेव."

हिसका. हिसका.

"आता अर्धा दाबला."

"कमी झालं."

"पूर्ण दाबला."

जीप ओरडत पुढे झेपावली. एकही हिसका नाही.

"पुन्हा हलका कर," ते म्हणाले, आणि उचकी लागलीच सुरू झाली तेव्हा चक्क हसले. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. अंधार पडू लागला तशी आम्ही गाडी वळवली. उभ्या गाडीतही तपासलं होतं, नुसतं इंजिन चालू ठेवून. तेव्हा तर घड्याळासारखी टकटकत होती.

"उलटं आहे सगळं," घरी येताना ते म्हणाले. "जोर पडल्यावर बिघडायला हवं. ठिणगी अशक्त असली तर चढावर जीव जातो तिचा. पेट्रोल कमी पडलं तरी चढावरच कमी पडेल. ही आरामात चालताना बिघडते. आरामात असताना इंजिनात असं काय होतं जे मेहनत करताना होत नाही?"

हा प्रश्न आमच्या घरात राहायला आला. सकाळी मी पोहे करत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचे, "टायमिंगची साखळी? नाही, ती असती तर सगळीकडेच त्रास दिला असता." आणि निघून जायचे. दुपारी पेशंट गेल्याचा अंदाज घेऊन जिन्यावरून हाक, "अगं, एखादा व्हॉल्व्ह गळत असला तर उभ्या गाडीतही अडखळेल ना?" मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. ठिणगी कुठून निघते, चार सिलिंडरना पाळीपाळीने कोण वाटते, व्हॉल्व्ह कशासाठी उघडतात. सांगताना ते हवेत बोटांनी चित्र काढायचे. एकदा तर जेवणाच्या ताटात चार वाट्या ओळीने मांडून, आमटी सांडेल याची पर्वा न करता, चमचा फिरवत समजावलं. मी लग्नानंतर इतकी वर्षं त्या माणसासोबत राहत होते आणि त्यांना इतकं छान शिकवता येतं हे मला माहीत नव्हतं.

उत्तराची सुरुवात पाटणकर बाजारात झाली. संक्रांत जवळ आली होती, आम्ही तीळ आणि गजक, ती तिळाची कुरकुरीत मिठाई, घ्यायला गेलो होतो. मी दुकानदाराशी बोलत होते तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"तोंड जवळजवळ मिटून श्वास ओढून बघ."

"इथे?"

"इथेच. ओठांत बारीकशी फट ठेव आणि जोरात ओढ."

मी ओढला. दुकानदार बघत होता.

"गाल काय झाले?"

"आत गेले."

"आता तोंड मोठं उघडून ओढ. गेले का आत?"

"नाही."

"तेच," ते म्हणाले. "इंजिनसुद्धा श्वास घेतं. पाय हलका असला की कार्बोरेटरचं तोंड जवळजवळ मिटलेलं असतं. आत ओढ फार असते. पाय दाबला की तोंड उघडतं, ओढ संपते. हलक्या पायाला जास्त असते ती ही ओढ. आता त्या ओढीवर चालणारं गाडीत काय आहे, ते शोधायचं."

दुकानदाराने गजकाचा डबा पुढे सरकवला आणि मला हळूच विचारलं, "बाबूजी डॉक्टर हैं क्या?"

त्यांना एक बारीक रबरी नळी आठवत होती, कार्बोरेटरपासून निघणारी, पण ती कुठे जाते ते नीट आठवेना आणि डोळ्यांना दिसेना. घरी येऊन मी बॉनेट उघडलं, नळीवर बोट ठेवलं आणि बोट तिच्यासोबत सरकवत नेलं. ती एका चपट्या गोल डबीपाशी संपत होती. डबी एका काळ्या झाकणाच्या भांड्याला चिकटलेली, आणि त्या झाकणातून प्लगांच्या जाड वायरी कोळ्याच्या पायांसारख्या बाहेर पडत होत्या.

"डिस्ट्रिब्यूटर," ते म्हणाले. "चारी घरांना ठिणगी वाटणारा."

मिस्त्रीला फोन केला. त्याने नीट ऐकून घेतलं. "हाँ साहब, वो नली टायमिंग आगे करती है. हलके पाँव पर ठिणगी थोड़ी पहले चाहिए, तो इंजन अपनी साँस से ही डबिया को खींच लेता है. पर उससे मिसिंग तो नहीं होती." मग थोडं थांबून, "होनी तो नहीं चाहिए. ले आइए, देखते हैं." 'ठिणगी' हा शब्द त्याने सासऱ्यांकडून उचलला होता. आमच्याकडे येऊन येऊन त्याच्या हिंदीत असे काही मराठी शब्द रुजलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिक उशिरा उघडायचं ठरवून आम्ही गॅरेज गाठलं. मिस्त्रीने नळी कार्बोरेटरपासून उपटली, उघड्या भोकात स्क्रू ठोसला आणि या खेपेला किल्ल्याकडे न जाता आम्हां दोघांना घेऊन मोकळ्या रस्त्यावर आला. मी पाय हलका ठेवला. गाडी एकदाही अडखळली नाही.

"मिल गया," मिस्त्री म्हणाला. "डबिया का पर्दा फटा है. वहाँ से फालतू हवा खींच रहा है. नई डबिया डाल देंगे."

मला ते पटलं. सासऱ्यांना नाही पटलं. "पडदा फाटलाय हे कुणी पाहिलं?"

गॅरेजात परत आल्यावर त्यांनी मला नळीचं मोकळं टोक तोंडात धरून ओढायला सांगितलं. पेट्रोलचा आणि रबराचा कडवट वास आला. मी ओढलं, आणि नळी जिभेला घट्ट चिकटली. सोडेचना. म्हणजे आतून हवा येत नव्हती. पडदा शाबूत होता.

मिस्त्रीने स्वतः ओढून पाहिलं. भुवया वर गेल्या. "पर्दा तो ठीक है. फिर?"

आम्ही तिघं बॉनेटभोवती उभे होतो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी फार मजा येत होती. सकाळच्या उन्हात, हाताला काळं लागलेलं, तोंडात रबराची चव, आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट जी आमच्यातल्या कुणालाच समजत नव्हती.

"इंजिन चालू कर," सासरे म्हणाले, "आणि चालू असताना ओढ."

मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन शांत टकटकू लागलं. मी नळी तोंडात धरली आणि ओढली. इंजिन अडखळलं. मी सोडलं, ते सावरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा अडखळलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती उभ्या उभ्या आजारी पडली होती, आणि ती माझ्या श्वासाने.

"ओढल्यावर इंजन तेज़ होना चाहिए था," मिस्त्री म्हणाला, अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. "ये तो मर रहा है."

सासरे माझ्या दंडाला धरून पुढे झाले. "झाकण काढा. आता अंदर काय हलतं ते बघू."

इंजिन बंद करून मिस्त्रीने काळं झाकण उघडलं. सासऱ्यांनी तोंड आत वाकवलं, मान तिरकी करून कडेच्या नजरेने बघायचा प्रयत्न केला आणि सरळ झाले. "मला नाही दिसणार. तू सांग. जे दिसेल ते, वगळू नकोस काही."

मी मोबाइलचा टॉर्च लावला. "एक गोल पत्रा आहे. तळाला. त्यावर छोटीशी चिमट्यासारखी वस्तू."

"पॉइंट. त्यांची उघडझाप झाली की ठिणगी पडते. पुढे?"

"चिमट्यापासून एक बारीक तार निघते, कापडी वेष्टणाची, आणि भांड्याच्या भिंतीतून बाहेर जाते."

"आता मिस्त्रीसाहेब ओढतील. काय हलतं ते सांग."

मिस्त्रीने नळी ओढली. "पत्रा फिरला," मी म्हणाले. "थोडासाच. चिमटा त्याच्यासोबत सरकला."

"आणि तार?"

मी पुन्हा बघितलं. पत्रा फिरला की तारेचं एक टोक त्याच्यासोबत सरकत होतं आणि दुसरं टोक भिंतीला पक्कं होतं. मधला भाग ताणला जात होता. "तार ताणली जाते. सोडली की सैल पडते."

"किती वर्षं ती अशी ताणली जाते, सैल होते," ते स्वतःशीच म्हणाले. "धरून बघ तिला."

मी माझ्या पर्समधला चिमटा काढला आणि तार दोन ठिकाणी हलकेच धरून ओढली. एका जागी ती जरा लांबली. तांब्याची तार लांबत नाही. कापडी वेष्टण लांबतं.

"ही आत तुटलीय," मी म्हणाले. "बाहेरून शाबूत आहे, आत काही नाही. नुसतं वेष्टण आहे."

मिस्त्रीने मला बाजूला करून स्वतः पाहिलं आणि मोठ्ठा श्वास सोडला. मग तोच हळूहळू जुळवत गेला. पत्रा जागेवर असला की आतले तुटके तांब्याचे केस एकमेकांना टेकतात, करंट जातो. हलक्या पायाने इंजिन ओढ लावतं, पत्रा फिरतो, तार ताणली जाते, केस सुटतात, ठिणगी चुकते. चढावर पाय दाबला की ओढ संपते, पत्रा जागेवर येतो, केस पुन्हा टेकतात. आणि पाय पूर्ण उचलला की नळीचं भोक कार्बोरेटरच्या झडपेआड जातं, ओढ तिच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून उभ्या गाडीत सगळं ठीक. "और मैं इसे बार-बार क़िले पर ले जाता रहा," तो हसत म्हणाला. "जहाँ इसे ठीक ही होना था."

"आप नहीं ले जाते," सासरे म्हणाले, "तो हमें पता कैसे चलता कि चढ़ाई पर ठीक रहती है?"

नवी तार लावायला फार वेळ लागला नाही. मिस्त्रीने मऊ, बारीक केसांची तार निवडली आणि पत्रा फिरला तरी ताण पडू नये म्हणून तिला मध्ये एक सैल वळसा दिला. जुनी तार सासऱ्यांनी मागून घेतली. ब्लेडने तिचं वेष्टण उभं चिरून मी आतलं सांगितलं, तुटलेल्या टोकांना कशी बारीक चमक आहे, आणि अलीकडचे पलीकडचे केस कसे हिरवट पडलेत. त्यांनी बोटाच्या टोकाने चाचपलं. "एवढंसं," ते म्हणाले. आणि मिस्त्रीकडे वळून, "चहा मागवा. आज आमच्याकडून."

रविवारी आम्ही तिघऱ्याला निघालो. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, मी पाय हलका केला आणि कान टवकारले. काही नाही. जीप आपली एका सुरात चालली होती. मी सासऱ्यांकडे पाहिलं, काहीतरी म्हणतील म्हणून. ते झोपले होते. गाडीत झोपताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. ह्या गाडीत तर नाहीच.

धरणाजवळ झाडाखाली गाडी थांबवली तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. डबऱ्याचे गृहस्थ येत्या आठवड्यात बघायला येऊ म्हणत होते.

"बाबा काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"त्यांचं काही नाही रे. कळलं त्यांना काय झालं होतं ते. आता विकलीस तरी चालेल म्हणतील."

"मग मी त्यांना हो सांगतो."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. हो म्हणणार होते, आणि तोंडून निघालं, "नको. मला हवीय ती."

"तुला? तुला तर ती आवडत नव्हती."

"नव्हती."

तो म्हणाला, "बघ बुवा. चालवणार तूच आहेस."

फोन ठेवला तेव्हा सासरे जागे होते. कधीपासून, माहीत नाही. त्यांनी दरवाजा उघडला, पाय खाली सोडले आणि जमीन लागेपर्यंत जरा थांबले. मी वळसा घालून हात द्यायला गेले.

"ठेवायची असेल तर मागच्या चाकांचं ग्रीस बघून घ्यावं लागेल," ते म्हणाले. "आणि तो आखूड दांडा तू अजून एकदाही वापरलेला नाहीस. शिकवतो तुला. समोर वाळू आहे का कुठे?"

मी पाहिलं. पाणी उतरून काठावर ओलसर, रेताड पट्टा उघडा पडला होता.

"आहे," मी म्हटलं. "बरीच आहे."

"मग बस आत," ते म्हणाले, आणि खाली उतरलेले पाय पुन्हा वर घेऊ लागले.